‘किती मिळतं’ नको, ‘किती लागतं’ विचारा : निराधार योजनेच्या एका अभ्यासाचं प्रकरण

आमच्या प्रश्नावलीत सातवा प्रश्न होता, ‘आपला मासिक पगार किती?’ आणि अकरावा होता, ‘आपल्याला शासनाकडून अनुदान मिळते का?’ पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या काठच्या एका वस्तीतून विद्यार्थ्यांनी चाळीसेक भरलेले फॉर्म आणले. ते टेबलावर पसरून बसलो तेव्हा काहीच जुळेना. सातव्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्या बायकांनी हजार किंवा दीड हजार सांगितलं होतं. अकराव्याला बहुतेकींचं उत्तर होतं ‘नाही’. या सगळ्या जणी संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या नाहीतर श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थी होत्या. तशा होत्या म्हणूनच तर आम्ही त्यांच्या दारात गेलो होतो.

उलगडा व्हायला दोन दिवस लागले. वस्तीत या पैशांना अनुदान कुणी म्हणत नाही. ‘निराधारचा पगार’ म्हणतात, ‘श्रावणबाळचा पगार’ म्हणतात, ‘या महिन्याचा पगार पडला का गं?’ असं एकमेकींना विचारतात. अनुदान म्हटलं की त्यांना आठवतं ते गॅसचं. म्हणजे बायकांनी आमच्या दोन्ही प्रश्नांना खरी उत्तरं दिली होती. चूक प्रश्नांची होती आणि प्रश्न मी लिहिले होते. समाजकार्य शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. ‘पगार’ हा शब्द या अर्थाने मी शंभरदा ऐकला असेल. तरी प्रश्नावली लिहायला बसले तेव्हा हाताशी आला तो शासन निर्णयातला शब्द.

ज्यांच्यासाठी सेवा आणि योजना आहेत त्यांना संशोधनात भागीदार करून घ्यावं, हे आमच्या क्षेत्रात आता सगळेच म्हणतात. ते करताना आमचं कुठे अडलं, काय सुटलं आणि काय अजून सुटलेलं नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे. वस्तीचं नाव दिलेलं नाही, कुणा बाईचंही नाही. तो निर्णय माझ्या एकटीचा नाही, त्याबद्दल पुढे येईल.

योजना आणि तिचं गणित

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित बायका, अपंग, दुर्धर आजाराची माणसं, अनाथ मुलं अशांसाठी ती आहे. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. महिन्याची रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,००० झाली आणि २०२३ मध्ये १,५००. अर्ज करणाऱ्याचं महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य असावं लागतं आणि अपंग सोडून बाकीच्यांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला.

२१,००० भागिले १२ केलं की १,७५० येतात. महिन्याला १,७५० रुपये, आणि तेही एकट्या बाईचं उत्पन्न नव्हे, अख्ख्या घराचं. पुण्यात दोन-तीन घरची भांडी घासणारी बाईसुद्धा यापेक्षा जास्त मिळवते. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढचा सगळा गुंता त्याच्याभोवती आहे.

आमचा विषय साधा होता : चालू असलेला पगार मधेच बंद का पडतो? २०२३ ची दिवाळी झाल्यावर काम सुरू केलं. एम.एस.डब्ल्यू.चे, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे, चार विद्यार्थी, महाविद्यालयाने दिलेला छोटासा निधी आणि मी, एवढाच आमचा संच.

फसलेला पहिला महिना

शब्दाची चूक लवकर कळली. बाकीच्या चुका एका मावशींनी दाखवल्या. त्या सहकारनगरच्या सोसायट्यांमध्ये चार घरची धुणीभांडी करतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. आमचा एक विद्यार्थी त्यांच्या दाराला कुलूप बघून दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा त्या नळावर भेटल्या आणि त्यालाच म्हणाल्या, “तू अकराला येतोस. अकराला इथं कोण असतं? म्हाताऱ्या आणि आजारी. कामाच्या बाया अडीचला घरी येतात. तुझ्या वहीत मग कामाची बाई येणारच कशी?”

नमुना निवडीवर, म्हणजे अभ्यासासाठी कुणाकुणाला विचारायचं यावर, मी वर्गात तीन तासिका घेते. आमचा नमुना महाविद्यालयाच्या वेळापत्रकाने निवडला होता आणि ते मला दिसलं नव्हतं.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीने मंजूर केलेलं दोन पानी संमतिपत्र आमच्याजवळ होतं. शेवटी सहीची जागा, सही येत नसेल तर अंगठा. बायका गप्पा मारायला बसत, चहा ठेवत, आणि तो कागद पुढे आला की एकदम उठत. ‘पोरगं शाळेतून यायची वेळ झाली’, ‘दूध उतू जाईल’. आम्हाला वाटलं संकोच असेल. मावशींनी सांगितलं, “मॅडम, इथं अंगठा घ्यायला बिल्डरची माणसं येतात. कागदावर काय लिहिलंय ते आम्हाला कुणी वाचून दाखवत नाही. अंगठा दिला की घर गेलं, एवढंच बायांना माहीत आहे.” झोपडपट्टी पुनर्वसनाला झोपडीधारकांची संमती लागते, आणि त्या संमतीच्या कागदांवरून वस्त्या-वस्त्यांत किती भांडणं झाली आहेत हे पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बाईच्या हक्काचं रक्षण व्हावं म्हणून आम्ही जो कागद नेत होतो, त्या कागदाचीच तिला भीती होती.

तिसरी गोष्ट उत्पन्नाची. ‘कुटुंबाचं मासिक उत्पन्न’ या रकान्यात कुठेही १,७०० च्या वर आकडा नव्हता. मी मावशींना त्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी मलाच उलट विचारलं, “खरं सांगितलं तर पगार जाईल, खोटं सांगितलं तर तुमचा अभ्यास खोटा. मग विचारता कशाला?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मग काय विचारू, असं म्हणाले. त्या जरा वेळ गप्प बसल्या.

“किती मिळतं विचारू नका. किती लागतं विचारा.”

भरलेले सगळे फॉर्म आम्ही बाजूला ठेवले आणि काम थांबवलं.

सात जणी

पुन्हा सुरुवात करताना पुन्हा चुकलो. वस्तीतल्या बायकांना अभ्यासाच्या आखणीतच घ्यायचं ठरलं, तर मी गेले ती बचत गटाच्या अध्यक्षांकडे. त्यांनी तासाभरात आठ जणी जमवल्या. सगळ्या बोलक्या, सगळ्यांचा पगार चालू. मावशी त्या बैठकीत कोपऱ्यात बसल्या होत्या. उठताना एवढंच म्हणाल्या, “ज्यांचा बंद पडलाय त्या कुठंयत?”

त्या कुठे नव्हत्या, कारण पगार बंद पडलेली बाई चारचौघींत येत नाही. तिचं काहीतरी खोटं सापडलं असणार, असं गल्लीत बोललं जातं. मावशींबरोबर दुपारी घरोघर जाऊन अशा बायकांशी बोलण्यात महिना गेला. शेवटी सात जणी ठरल्या : तिघींचा पगार बंद, दोघींचा चालू, एकीचा अर्ज दोनदा परत आलेला, आणि मावशी, ज्यांचा आठ महिने बंद राहून पुन्हा सुरू झाला होता. सातांपैकी तिघींना वाचता येतं, दोघी नावापुरती सही करतात.

सर्वांत थोरल्या आजींनी साठी ओलांडली आहे. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली उत्स्फूर्त संप केला, त्यातून पुढे पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आजी तेव्हा नव्या लग्न झालेल्या, दोन दिवस कामावर न जाता मोर्चात गेलेल्या. बैठकीचे नियम त्यांनी घातले. अडीच म्हणजे अडीच. चारला उठायचं, कारण साडेचारला पाणी येतं. बोलणारीने पदराआड बोलायचं नाही. आणि मॅडमनी शेवटी बोलायचं.

शेवटचा नियम मला जड गेला. पहिल्या दोन-तीन बैठकांत मी तो मोडला. प्रत्येक वेळी आजी हाताने थांबवायच्या. ‘मॅडम’चं ‘ताई’ कधी झालं ते आठवत नाही, पण या नियमाच्या नंतरच झालं.

मग पैशांचा प्रश्न आला, आणि त्यात आमचे सहा आठवडे गेले. सहसंशोधक म्हणून काम करायचं तर मानधन द्यायला हवं, यावर माझं ठाम मत आहे. चार घरची कामं करणाऱ्या बाईला ‘तुमच्याच भल्यासाठी’ असं म्हणून फुकट राबवून घेण्याइतका अन्याय दुसरा नाही. निधीत तरतूद होती. पण लेखा विभागाला पॅन कार्ड आणि बँक खातं हवं होतं. बायकांचं खातं एकच, पगाराचं. त्यात महाविद्यालयाकडून दर महिन्याला रक्कम जमा झाली तर? कुणी पासबुक तपासलं तर? २१,००० ची भिंत इथेही आडवी आली. सातही जणी म्हणाल्या, पैसे नकोत. पण ते वाक्य कुणाच्याही मनातून आलेलं नव्हतं.

वाट काढली ती पुन्हा त्यांच्याच शब्दाने. कामावर न गेलेल्या दिवसाला मोलकरणींच्या भाषेत ‘खाडा’ म्हणतात. एक जण म्हणाली, “मानधन नको, आमचा खाडा भरून द्या.” बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि येण्याजाण्याचा खर्च, दर बैठकीला व्हाउचरवर रोख. लेखा विभागातल्या एका गृहस्थांनी हे समजून घेतलं आणि वरून मंजुरी मिळवली. हिशेबाची वही बायकांनी स्वतःकडे ठेवली. मी आजही लोकांना सांगते की भागीदारीच्या गोष्टी करण्याआधी लेखा विभागात जाऊन बसा.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभागाच्या नावाखाली लोकांना वळवणं असतं, मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं, समजूत घालणं, आणि वरच्या तीन पायऱ्यांवरच सत्ता खरोखर हलते. हे मी दरवर्षी शिकवते. पण पुण्यात हा धडा दूरचा नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली याच शहरात उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या श्रमाने शहराचा किती कचरा उचलला जातो आणि पालिकेचा किती खर्च वाचतो, हे अभ्यासातून दाखवूनच त्यांनी आपलं काम काम म्हणून मान्य करून घेतलं, ओळखपत्रं मिळवली, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी पालिकेने करार केला. आजींना हे माझ्याहून जास्त माहीत होतं. त्यांची नणंद वेचक आहे.

पिशवी

या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पिशवी. ती आमच्या कुणाच्या डोक्यातून आली नसती.

पगार कधी बंद झाला, त्याआधी काय घडलं, नंतर कुठे कुठे गेलात, हे विचारलं की बायका गोंधळतात. ‘झाली दोन-तीन वर्षं’, ‘मोठ्या पोरीच्या बाळंतपणाच्या आधी’. आमच्या फॉर्मवर त्यासाठी महिना आणि वर्ष असे रकाने होते. ते रिकामे राहायचे किंवा अंदाजाने भरले जायचे. सात जणींपैकी एक, जिचा अर्ज दोनदा परत आला होता, ती बैठकीत म्हणाली, “असं विचारून कुणाला आठवतंय? पिशवी काढायला सांगा.”

प्रत्येक घरात ती पिशवी असते. साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची, कपाटावर नाहीतर पत्र्याच्या पेटीत तळाला. आधार, शिधापत्रिका, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, जुनं लाइट बिल, सेतू केंद्राच्या पावत्या, तीन पासबुकं, एजंटने दिलेली चिठ्ठी, मुलांच्या शाळेचे दाखले. ठरलं असं, की सहसंशोधक बाईने समोर बसायचं, पिशवी घरच्या बाईने स्वतः उघडायची, कागद तिनेच जमिनीवर मांडायचे, जुन्यापासून नव्यापर्यंत. आम्ही हात लावायचा नाही. फोटो काढायचा नाही. एकेका कागदावर तारीख असते, आणि तारखेवर बोट ठेवलं की गोष्ट आपोआप सुरू होते : ही पावती ज्या दिवशी फाडली त्या दिवशी साहेब रजेवर होते, मग परत सोमवारी गेले, तोवर दाखल्याची मुदत संपली.

वाचता-लिहिता अजिबात न येणाऱ्या दोघी या कामात सर्वांत तरबेज निघाल्या. कागदाचा रंग, शिक्क्याचा आकार, घडीचे व्रण यांवरून त्यांना तो कुठल्या कचेरीतला आहे ते कळतं. त्यांनी वहीत खुणांची भाषा तयार केली. गोल म्हणजे बँक, चौकोन म्हणजे तहसील, फुली म्हणजे परत पाठवलं. एका घराची मांडणी अशी होती : चौकोन, चौकोन, फुली, गोल, फुली, चौकोन, फुली. विद्यार्थ्यांनी नंतर ती संगणकावर चढवली, पण मूळ कच्चं काम त्या वहीत आहे.

आणि काही घरांत पिशवीच नव्हती. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पुलाकडच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पुढच्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. माणसं गेली, संसार वाहिले, त्यात पिशव्याही वाहिल्या. पंचवीस वर्षं याच वस्तीत राहिलेल्या बाईकडे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा एकही कागद नाही, अशी घरं त्या दोन रात्रींनी तयार केली. एका बाईने पिशवीऐवजी भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली. सहसंशोधकाने वहीत आडवी रेघ ओढली आणि ती खूण आमच्या खुणांत कायमची राहिली.

पगार बंद पडण्याची कारणं या मांडणीतून एकेक करून पुढे आली. वर्षानुवर्षं साबण आणि घासणीने बोटांच्या रेषा झिजतात, मग आधारच्या यंत्रावर अंगठा लागत नाही. २०१९-२० मध्ये सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं, शाखेचे संकेतांक बदलले, पासबुक जुनंच राहिलं. आधारवर नवऱ्याचं नाव, खात्यावर वडिलांचं. कमावता झालेला मुलगा शिधापत्रिकेवर आहे म्हणून त्याचं उत्पन्न घराचं धरलं, तो मात्र लग्न करून दुसरीकडे राहतो. नवरा सोडून गेलेल्या बायकांचं दुखणं तर निराळंच. विधवेला मृत्यूचा दाखला मिळतो. “तो गेला याचा कागद कोण देणार?” असं एकीने विचारलं ते वाक्य अहवालात जसंच्या तसं आहे.

खर्चाचा तक्ता बायकांनी आखला. भाडं, लाइट, सिलिंडर, रेशनबाहेरचं धान्य, औषधं, मुलांचा बस पास, मयताला-लग्नाला जाणं. या शेवटच्या दोन गोष्टी माझ्या कच्च्या तक्त्यात नव्हत्या. ‘किती लागतं’ हे सांगताना कुणी अडखळलं नाही. आकडे मोकळेपणाने आले, कारण लागणारा पैसा सांगण्यात गुन्हा नसतो.

जुलै २०२४

अभ्यास मध्यावर असताना राज्य सरकारने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली आणि जुलै २०२४ मध्ये अर्ज भरायला सुरुवात झाली. हातात कागद असलेल्या कुणालाही वस्तीत पुढे जाता येईना. आमच्या विद्यार्थ्यांभोवती गर्दी व्हायची, ‘फॉर्म द्या’ म्हणून. मी म्हटलं, नम्रपणे नाही सांगा आणि मुलाखती चालू ठेवा, वेळ जातोय. सहसंशोधकांनी ते मानलं नाही. त्यांनी सांगितलं, दोन आठवडे अभ्यास बंद, आपण सगळ्यांनी समाजमंदिरात बसून फॉर्म भरून द्यायचे. विद्यार्थी बसले. मीही बसले.

तिथेच एक गोष्ट त्यांच्या नजरेत आली. नव्या योजनेचेही महिन्याला दीड हजारच. पण तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असली तर उत्पन्नाचा दाखलाच लागत नाही. जिला निराधारचे १,५०० चालू आहेत तिला हे मिळणार नाहीत. फॉर्म भरता भरता मावशींनी पेन खाली ठेवलं. “पंधराशे तेच. मग या बाईला अडीच लाख चालतात आणि विधवेला एकवीस हजार का?” धोरणांवर लिहिणारी माणसं या शहरात खूप आहेत, मीही त्यातलीच. हे दोन आकडे शेजारी ठेवायला मला ती दुपार लागली.

फुटलेली गोष्ट

सगळं गोड झालं असं नाही. सुरुवातीला प्रत्येकीने आपापल्या गल्लीत मुलाखती घ्यायच्या असं ठरलं होतं, ओळख असते म्हणून. एका घरी बाईने सांगितलं की हडपसरला राहणारा मुलगा तिला अधूनमधून पैसे देतो. मुलाखत घेणाऱ्या सहसंशोधकाच्या तोंडून ते नळावर निघालं. दोन दिवसांत गल्लीभर झालं. ती बाई समाजमंदिरात आली, रडली, आम्हाला सगळ्यांना बोलली, आणि तिचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. तिच्या माहितीचं पान आम्ही तिच्यासमोर फाडलं. तिच्या मनातली भीती तेवढ्याने गेली नाही. ती आजही माझ्याशी बोलत नाही.

गोपनीयतेचं प्रशिक्षण मी एका तासात उरकलं होतं. शहरातल्या संशोधकाला गोपनीयता सोपी असते, तो काम संपलं की बसने घरी जातो. ज्या गल्लीत राहायचं त्याच गल्लीतली गोष्ट पोटात ठेवणं हे फार वेगळं आणि अवघड काम आहे. याचा विचार माझ्याकडून व्हायला हवा होता.

पुढे काय करायचं ते सहा जणींनी ठरवलं. कुणी स्वतःच्या गल्लीत मुलाखत घ्यायची नाही. वहीत नाव नाही, फक्त खूण. आजी म्हणाल्या, “ऐकलेलं पोटात, लिहिलेलं बिननावाचं.” चुकलेली बाई तीन आठवडे आली नाही. मी तिला लगेच परत बोलावणार होते, बाकीच्यांनी थांबवलं. नंतर ती आली, पण मुलाखतींना गेली नाही. खाड्याच्या हिशेबाची वही तिच्याकडे दिली, ती शेवटपर्यंत तिने नीट सांभाळली.

अहवालातला तो परिच्छेद

सर्वांत मोठं भांडण लिहिण्यावरून झालं. मी मसुदा केला आणि बैठकीत वाचून दाखवला. त्यात उत्पन्नाच्या दाखल्यांवर एक परिच्छेद होता, मर्यादा एवढी कमी असताना लोक दाखले कसे मिळवतात याबद्दल. वाचून झालं तेव्हा कुणी बोलेना. मग एक जण म्हणाली, “हे छापलंत तर सगळ्यांचे पगार तपासायला निघतील.”

दोन बैठका यावर गेल्या. मी माझी बाजू सोडली नाही. जे दिसलं ते लपवायचं असेल तर अभ्यास कशाला केला, असं मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. मावशींनी शांतपणे सांगितलं, “आम्ही लपवा म्हणत नाही, ताई. बोट आमच्याकडे नका दाखवू, आकड्याकडे दाखवा.”

तसंच केलं. परिच्छेद गेला. त्या जागी समोरासमोर दोन पानं आली. डावीकडे बायकांनी भरलेला महिन्याच्या खर्चाचा तक्ता, उजवीकडे फक्त एक ओळ : शासनाच्या नियमाप्रमाणे घराचं महिन्याचं उत्पन्न १,७५० रुपयांच्या आत असायला हवं. खाली लाडकी बहीणची मर्यादा. एवढंच. वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं, आणि कुणा एकीचा पगार धोक्यात येत नाही.

काही सहकाऱ्यांनी मला सुनावलं की भागीदारांच्या दबावाखाली मी निष्कर्ष बदलला. मला ते मान्य नाही. माझ्या परिच्छेदात दोष माणसांच्या वागण्याकडे जात होता. त्यांच्या मांडणीत तो नियमाकडे गेला, आणि दोष नियमाचाच आहे. पण हेही कबूल करते, की भागीदारांनी खरोखरच एखादी खरी गोष्ट दडपायला सांगितली असती तर मी काय केलं असतं, याचं उत्तर या प्रकरणातून मला मिळालेलं नाही. हा भागही मी त्यांना वाचून दाखवला आहे. इथे आणखी एक वाक्य होतं, ते त्यांच्या सांगण्यावरून काढलं.

नावांचंही असंच. नियमाप्रमाणे लाभार्थींची नावं गुप्त ठेवायची. पण सहसंशोधकांची? चौघींना मुखपृष्ठावर नाव हवं होतं. “नातवाला दाखवीन,” आजी म्हणाल्या. तिघींना नको होतं. महाविद्यालयाच्या नमुन्यात त्यांच्यासाठी फक्त ‘आभार’ची जागा होती. दोन पत्रं लिहिल्यावर चौघींची नावं माझ्या नावाच्या आधी, वर्णानुक्रमे छापली गेली, तिघींच्या जागी ‘एक सहसंशोधक’ असं तीनदा. वस्तीचं नाव कुठेच यायला नको, हा निर्णय मात्र सातही जणींचा. निधीसाठीचा अहवाल इंग्रजीत द्यावा लागला. त्याआधी ठळक टाइपातली आठ पानी मराठी पुस्तिका निघाली, ती कशी वाचली जाईल हे आजींनी समाजमंदिरात मोठ्याने वाचून घेऊन तपासलं, आणि तीन ठिकाणी माझी वाक्यं तोडायला लावली.

सध्या

बंद पडलेल्या तीन पगारांपैकी दोन सुरू झाले. एकीचं आधार आणि खातं जुळलं, दुसरीच्या शिधापत्रिकेतून मुलाचं नाव वेगळं झालं. तिसरी परित्यक्ता आहे. तिची पिशवी आता आणखी जाड झाली आहे.

सात जणींनी पुढचा विषय स्वतः ठरवला : नवरा सोडून गेलेल्या बाईला तो गेल्याचा कागद कसा मिळतो, कुठे अडतो, कोण किती पैसे मागतं. मी सुचवलेला विषय वेगळा होता, मतदान होऊन तो पडला. निधी अजून मिळालेला नाही. खाड्याच्या वहीत जुन्या कामाचे थोडे पैसे शिल्लक आहेत, त्यावर चार बैठका होतील. पहिली झाली. दुसरी येत्या मंगळवारी अडीचला आहे.